पापणीवरच्या इसबासाठी टॅक्रोलिमस मलम: 14 महिन्यांच्या वापरानंतर

पापणीवर इसब असलेल्या माणसाला सकाळी डोळे उघडण्याचीच धास्ती वाटते. रात्रभरात त्वचा आक्रसलेली असते, वरच्या पापणीच्या घडीत बारीक चिरा पडलेल्या असतात आणि डोळा उघडताना त्या ताणल्या गेल्या की पाणी येते. तेच खारट पाणी चिरांवरून ओघळले की पुन्हा आग होते. हे मी दोन वर्षे सोसले. त्यातून मला बाहेर काढण्यात ज्या औषधाचा सर्वांत मोठा वाटा आहे, त्या 0.03 टक्के टॅक्रोलिमस मलमाविषयी येथे लिहीत आहे. हे मलम डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्याशिवाय वापरायचे नसते, त्यामुळे ते कोणी स्वतःहून आणावे असे मी सुचवत नाही. ज्यांना ते लिहून दिलेले आहे आणि ज्यांनी दोन-तीन दिवसांतच ते कपाटात टाकून दिले आहे, त्यांच्यासाठी मुख्यतः हा मजकूर आहे, कारण पहिल्या खेपेला मीही नेमके तेच केले होते.

त्याआधी मी स्टेरॉइडच्या मलमावर दिवस काढत होते. कोपराच्या इसबासाठी मिळालेली एक ट्यूब घरात होती आणि पापण्या लाल झाल्या तेव्हा तीच लावली. दोन दिवसांत लाली गेली, खाज थांबली, त्वचा मऊ झाली. मात्र मलम बंद केल्यावर चौथ्या दिवशी सगळे पूर्वीपेक्षा जोराने परतले. मग पुन्हा मलम, पुन्हा चार दिवस, असे चक्र काही महिने चालले. पापणीची त्वचा जाडीने अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, शरीरावर सर्वांत पातळ त्वचा तीच. कोपरावर जे औषध बेताने मुरते, ते तेथे भरभर आत शिरते. स्टेरॉइड दीर्घकाळ लावले तर ही मुळातच पातळ असलेली त्वचा आणखी विरते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूचा, तसेच मोतीबिंदूचा धोका संभवतो. हे मला समजले ते नेत्रतज्ज्ञांनी दाब मोजताना “डोळ्यांजवळ कोणते मलम लावता का?” असे विचारले तेव्हा. दाब सुदैवाने ठीक होता. थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या सौम्य स्टेरॉइडबद्दल माझी तक्रार नाही, कारण तीव्र उठावात त्याचा उपयोग होतोच. माझी चूक अशी झाली की ते किती दिवस लावायचे हे मी कोणाला विचारलेच नाही.

टॅक्रोलिमस स्टेरॉइड नाही. जपानमधील त्सुकुबा भागातील मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून ते 1984 मध्ये मिळवले गेले आणि त्याच्या नावातील पहिले अक्षरही त्सुकुबावरूनच आलेले आहे. प्रथम त्याचा उपयोग झाला तो अवयव-प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून. त्वचेवर लावायचे मलम जपानमध्ये 1999 मध्ये आणि अमेरिकेत 2000 च्या डिसेंबरमध्ये मंजूर झाले. इसबात त्वचेतील टी-पेशी, म्हणजे शरीराच्या संरक्षणयंत्रणेतील पेशी, विनाकारण चवताळतात आणि दाह पसरवणारे संदेश सोडत राहतात. त्या पेशींमधील कॅल्सिन्युरिन नावाचे विकर टॅक्रोलिमस रोखते आणि संदेश तेथेच थांबतात. त्वचेला बळकटी देणाऱ्या कोलॅजेनच्या निर्मितीला ते हात लावत नाही, म्हणून त्वचा विरत नाही. पापणीसाठी त्याची निवड होण्याचे मुख्य कारण हेच आहे.

आता पहिल्या खेपेविषयी. मला ते ज्या दवाखान्यात लिहून मिळाले, तेथे “सकाळ-संध्याकाळ लावा, महिन्याने या” एवढेच सांगितले गेले. रात्री तोंड धुऊन, त्वचा अजून ओलसर असतानाच मी ते दोन्ही पापण्यांवर चांगले चोळून लावले. दहा-बारा मिनिटांनी आग सुरू झाली. मिरची लागलेल्या हाताने डोळा चोळावा तशी ती आग होती, आणि मी पुन्हा पुन्हा पाणी मारत राहिले तशी ती वाढतच गेली. दुसऱ्या दिवशी तोच प्रकार झाला. तिसऱ्या दिवशी मला या औषधाचीच ॲलर्जी आहे, असे ठरवून मी ट्यूब ठेवून दिली आणि पुढचे पाच महिने पुन्हा स्टेरॉइडवर काढले. ते पाच महिने गेले याचे मला आजही वाईट वाटते, कारण ती ॲलर्जी नव्हती. हे औषध त्वचेतील उष्णतेची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंना सुरुवातीला चेतवते. चाचण्यांमध्ये जवळपास निम्म्या प्रौढ रुग्णांना अशी आग जाणवली होती आणि त्वचा जशी भरून येते तशी ती बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांत ओसरते. इतकी नेहमीची गोष्ट लिहून देणाऱ्याने एका वाक्यात सांगायला हवी होती. माहितीपत्रकात ती आहे, परंतु दुखऱ्या, सुजलेल्या डोळ्यांनी तेवढी बारीक अक्षरे वाचणार कोण?

दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांनी तेच मलम, त्याच तीव्रतेचे, पुन्हा दिले; मात्र या वेळी कागदावर लिहून सांगितले. आधी पाच दिवस सौम्य स्टेरॉइड लावून दाह खाली आणायचा आणि मगच टॅक्रोलिमस सुरू करायचे, कारण उघड्या, चिरलेल्या त्वचेवर आग अधिक होते. तोंड धुतल्यावर निदान वीस मिनिटे थांबायचे, त्वचा पूर्ण कोरडी होऊ द्यायची. ट्यूब लावण्याआधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायची. दोन्ही वरच्या पापण्यांना मिळून टाचणीच्या दोन माथ्यांएवढे मलम पुरते. ते अनामिकेने टेकवत जायचे, चोळायचे नाही, आणि पापणीच्या केसांच्या रेषेपासून थोडे दूर थांबायचे, म्हणजे अंगाच्या उष्णतेने पातळ होऊन ते डोळ्यात उतरत नाही. झोपण्याच्या अगदी तोंडावर लावू नये, अर्धा तास आधी लावावे, हे मात्र मी अनुभवाने शिकले, कारण उशीला लागलेले मलम कूस बदलताना डोळ्यात जाते आणि मग दृष्टी काही काळ धूसर राहते.

आग या वेळीही झाली. पहिल्या रात्री साधारण वीस मिनिटे, दुसऱ्या रात्री तेवढीच, तिसऱ्या रात्री काहीशी कमी. स्वच्छ रुमालात गुंडाळलेला थंड पाण्याचा पेला मी बंद डोळ्यांवर टेकवून बसत असे. पाचव्या रात्री केवळ उबदारपणा जाणवला आणि आठव्या रात्री काहीच जाणवले नाही. फरक दिसायला मात्र स्टेरॉइडसारखे दोन दिवस पुरत नाहीत. पहिल्या आठवड्यात खाज कमी झाली, लाली तशीच राहिली. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस पापणीच्या घडीतील चिरा मिटल्या आणि कोंड्यासारखे पापुद्रे सुटायचे थांबले. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी डोळे उघडले आणि पापण्यांची आठवणच झाली नाही. दुपारी आरशासमोर गेल्यावर ते ध्यानात आले.

या औषधाचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो आणि त्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. टॅक्रोलिमसचा रेणू बराच मोठा आहे, सुमारे 804 डाल्टनचा (डाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक). निरोगी त्वचेतून साधारण 500 डाल्टनपेक्षा मोठे रेणू सहज आत जात नाहीत. त्यामुळे सुजलेल्या, फाटलेल्या त्वचेत ते शिरते आणि त्वचा भरून आली की त्याचे आत जाणे आपोआप कमी होते. औषधाची जेथे गरज आहे तेथेच ते अधिक पोहोचते.

मलमाचा आधारही पापणीला मानवणारा आहे. पेट्रोलियम जेली, खनिज तेल, पॅराफिन आणि मेण यांवर ते बेतलेले असते आणि त्यात पाणी नसल्याने टिकाऊपणासाठी रसायने घालावी लागत नाहीत. सुगंध तर नाहीच. तेलकटपणा हा त्याचा तोटा. सकाळी लावले तर चष्म्याच्या काचांवर डाग पडतात आणि पापण्या दिवसभर तुकतुकीत दिसतात, म्हणून पहिल्या महिन्यानंतर डॉक्टरांच्या संमतीने मी सकाळचे लावणे सोडले. ट्यूबच्या रचनेवर मात्र मी समाधानी नाही. पापणीला लागणाऱ्या मात्रेच्या मानाने तोंड फार रुंद आहे. दाबले की बोटाच्या अर्ध्या पेराएवढी वळी बाहेर येते, ती परत आत जात नाही आणि वाया जाते. डोळ्यांभोवती लावायच्या औषधाला बारीक नळीचे तोंड हवे.

खोक्यावरच्या कर्करोगाच्या इशाऱ्याविषयी बोलणे टाळता येणार नाही, कारण तो वाचून अनेक जण दचकतात आणि मीही दचकले होते. 2006 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने हा इशारा छापायला लावला. त्यामागे प्रत्यारोपणाच्या रुग्णांत पोटातून दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रांचा अनुभव, प्राण्यांवरील प्रयोग आणि मलम वापरणाऱ्यांतील काही तुरळक नोंदी होत्या. मलमामुळेच कर्करोग झाला, असा कार्यकारणसंबंध मात्र सिद्ध झालेला नव्हता. माझ्या डॉक्टरांनी हे शांतपणे समजावले, पापण्यांपुरत्या क्षेत्रातून रक्तात जाणारे प्रमाण अत्यल्प असते हेही सांगितले, आणि तरीही गरजेपुरतेच लावायचे, उन्हापासून ती जागा जपायची, असे बजावले. मला ही भूमिका पटली. ज्यांना पटणार नाही, त्यांनी ट्यूब गुपचूप बंद करण्यापेक्षा आपल्या डॉक्टरांशी त्यावर बोलावे. मद्य घेणाऱ्यांना आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: काहींचा चेहरा त्यानंतर मलम लावलेल्या जागी लालबुंद होतो.

या मलमाला मी पूर्ण श्रेय देऊ शकत नाही, आणि तसे दिले तर वाचणाऱ्याची दिशाभूल होईल. ते दाह शमवते. दाह कशामुळे होतो, ते शोधून देत नाही. चौथ्या महिन्यात लावणे कमी केले तसे डाव्या पापणीवर पुन्हा उठू लागले, तेव्हा पॅच टेस्ट झाली. पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या चिकटवल्या, 48 तासांनी काढून पाहिल्या आणि पुढे आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहिल्या. मिथाइलआयसोथायाझोलिनोन या टिकाऊपणासाठी घातल्या जाणाऱ्या रसायनाच्या जागी लाल, उंचवट्याचा चौकोन उमटला होता. ते माझ्या शाम्पूत होते. डोक्याची त्वचा जाड असल्याने तेथे काहीच होत नसे. केस धुताना जो फेस कपाळावरून ओघळतो, तो पापणीला मात्र पुरेसा होता. त्या बाटलीवर डोळ्यांना सौम्य असे लिहिलेले होते. नेलपॉलिश, केसांचा रंग, सुगंध, निकेलचा पापणी-चिमटा यांपैकी कशानेही असेच होऊ शकते, आणि नखावरचे रसायन बोटाने डोळ्यापर्यंत येते पण बोटावर काही उठत नाही, म्हणून कारण वर्षानुवर्षे सापडत नाही. शाम्पू बदलल्यावर सहा आठवड्यांत मलमाची रोजची गरज संपली.

आता आठवड्यातून दोन रात्री, पूर्वी उठत असे त्याच जागी, मी ते लावते. पुन्हा उठाव येऊ नये म्हणून अशी पद्धत वापरली जाते आणि माझ्या बाबतीत ती लागू पडली आहे. उरलेल्या दिवशी साधी पेट्रोलियम जेली पुरते. 14 महिन्यांत दोनदा हलकी लाली आली, सुरुवातीच्या त्या पाच दिवसांनंतर स्टेरॉइड एकदाही लागले नाही. पापणीवर पाण्याने भरलेल्या पुटकुळ्यांचे झुबके आले, डोळा दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा दिसणे धूसर झाले, तर मात्र हे मलम लावायचे नसते. तो नागिणीच्या जातकुळीतील विषाणूचा संसर्ग असू शकतो आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावे लागतात.

मध्यंतरी प्रवासामुळे तीन आठवडे खंड पडला आणि पुन्हा लावले त्या रात्री तीच जुनी आग परतली. हात आपसूक नळाकडे गेला होता. दुसऱ्या सकाळी मी खोक्याच्या कोऱ्या बाजूवर ठळक अक्षरांत लिहून ठेवले: “पहिले पाच दिवस आग होईल. पाणी मारू नये. औषध थांबवू नये.”