रुआन युआनची 'तेरा ग्रंथ, टीका-उपटीकांसह': सात महिन्यांच्या वापरानंतर

कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या तेरा चिनी ग्रंथांची, रुआन युआन या चिनी विद्वानाने संपादलेली ही आवृत्ती सलग वाचायची नाही, हाताशी ठेवून धुंडाळायची आहे. घेताना हे ध्यानात असेल तर पश्चात्ताप होणार नाही.

वापरलेली प्रत तैपेईची, आठ खंडांची छायाप्रत. मूळ छपाई 1815-16 ची, चीनमधल्या नानचांगची, लाकडी ठशांवरची. विरामचिन्हे नाहीत. बहुतेक काम आठव्या खंडात होते: लुन्यू (कन्फ्यूशियसची वचने), श्याओजिंग (मातृपितृभक्तीवरचा ग्रंथ), अर्या (जुना शब्दकोश) आणि मेंग्झ (मेन्शियसचा ग्रंथ).

पान वाचायची रीत सोपी आहे. ठळक मोठी अक्षरे म्हणजे मूळ वचन. एका ओळीच्या जागेत दोन ओळी बसवलेली बारीक अक्षरे म्हणजे टीका. लुन्यूवर ती हे यानची, तिसऱ्या शतकातली. पुढे काळ्या जमिनीवर पांढरे 'शू' अक्षर दिसले की उपटीका सुरू. ती शिंग बिंगची, इ.स. 1000 च्या सुमाराची. उपटीकेच्या तोंडी वचनाचे पहिले शब्द, मग 'पर्यंत' अर्थाचे अक्षर, मग शेवटचे शब्द असतात. ते आधी पाहावे, नाहीतर भलत्याच वचनाचे विवेचन गळ्यात पडते.

संस्कृत व्याकरणातले महाभाष्य, त्यावर कैयटाचा प्रदीप, त्यावर नागेशाचा उद्योत ही उतरंड हाताळलेल्यांना हे परके वाटणार नाही. मात्र नागेश कैयटाला बिनदिक्कत खोडतो. इथे उपटीकेने टीका मोडू नये असा दंडक. त्यामुळे शिंग बिंग दुजोरा देतो याला स्वतंत्र साक्ष समजू नये.

लुन्यूच्या दहाव्या अध्यायातली तबेल्याची आग पाहा: तबेला जळाल्यावर कन्फ्यूशियसने काय विचारले, हे वाक्य कुठे तोडायचे यावर ठरते. 'शांग रन हू? बू वन मा' असे तोडले तर: 'माणसांना इजा झाली का?' घोड्यांची चौकशी केली नाही. 'बू' मागे ओढला, 'शांग रन हू बू? वन मा', तर: 'इजा झाली की नाही?' मग घोड्यांची चौकशी केली. टीकेत दिलेले झंग श्वान या जुन्या टीकाकाराचे मत पहिल्या बाजूचे, माणूस मोलाचा, जनावर गौण. उपटीका त्याच वाटेने जाते. दुसरी तोड लू दमिंग या जुन्या पंडिताने नोंदलेली आहे, पण ती शोधायला त्याचा ग्रंथ वेगळा उघडावा लागतो. विरामचिन्हांच्या आधुनिक आवृत्तीत ही निवड संपादकाने आधीच करून टाकलेली असते, म्हणून तिथला पूर्णविराम डोळे मिटून घेऊ नये.

खरी किंमत पाठभेदांच्या टिपांत आहे. अक्षराशेजारी बारीक वर्तुळ दिसले, की ज्युआनच्या (ग्रंथाच्या त्या भागाच्या) शेवटी टीप सापडते. मूळ मजकुरात चूक दिसली तरी ती तशीच ठेवून टिपेत सांगायची, हे रुआनचे धोरण. म्हणजे वर्तुळ न पाहता उतारा उचलणारा चुकीचा पाठ उचलू शकतो. त्यात छपाई पुरी होण्याआधीच रुआनची हेनान प्रांतात बदली झाली आणि तपासणी ढिली पडली. चुका पुष्कळ राहिल्या, असे त्याच्या मुलानेच लिहून ठेवले आहे. वर्तुळ नसलेली ओळ शुद्धच, असे मानता येत नाही.

सोबतीला झू शी या नंतरच्या तत्त्ववेत्त्याची लुन्यू-टीका हवीच. पहिल्याच वचनातल्या 'शी' (सराव) शब्दाला हे यानने दिलेला वांग सू या आधीच्या टीकाकाराचा अर्थ आहे योग्य वेळी पाठांतर. झू शी म्हणतो, पिल्लू पुन्हा पुन्हा पंख मारते तसे. 1313 नंतर चीनच्या सरकारी नोकरीच्या परीक्षेत झू शीच चालला, त्यामुळे त्यानंतरच्या लेखकांचे संदर्भ नानचांगच्या पानांत शोधत बसू नये. ह्वांग कानची लुन्यूवरची सहाव्या शतकातली उपटीकाही इथे नाही; ती चीनमध्ये हरवली होती आणि जपानात टिकली.

संदर्भ देताना ज्युआन, मूळ छपाईच्या पत्राचा (पानाचा) क्रमांक आणि त्याची पुढची की मागची बाजू लिहावी. छायाप्रतीचा पृष्ठांक दुसऱ्या छायाप्रतीत जुळत नाही.