एनएमसी, एलएफपी की सोडियमसाठी थांबायचं? गाडी घेण्याआधी बॅटरीबद्दल

इलेक्ट्रिक गाडीच्या शोरूममध्ये रेंज, स्क्रीन, रंग, सबसिडी सगळ्यावर बोलणं होतं. आत बॅटरी कोणती आहे, हे मात्र आपण विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही. गाडीच्या किमतीतला मोठा वाटा तिचाच असतो, म्हणून हा प्रश्न पहिला विचारा. उत्तर बहुधा दोनांपैकी एक येईल: एनएमसी किंवा एलएफपी. दोन्ही लिथियमच्याच. पहिलीच्या धन ध्रुवात निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट असतं, दुसरीच्या लोह आणि फॉस्फेट. सोडियम ही तिसरी, आपल्याकडे अजून वाटेवर असलेली.

एनएमसीची ताकद वजनात आहे. तिचा सेल किलोमागे साधारण २०० ते २५० वॉट-तास ऊर्जा साठवतो, एलएफपीचा १५० ते १८०. कारमध्ये या फरकाने फारसं अडत नाही, खाली भरपूर जागा असते. स्कूटरमध्ये अडतं. बॅटरी काढून घरात नेऊन चार्ज करावी लागणार असेल, तर जास्तच. पुण्या-ठाण्यातल्या कितीतरी जुन्या सोसायट्यांत पार्किंगमध्ये प्लग नाही आणि तीन मजल्यांना लिफ्ट नाही. दोन किलोवॉट-तासांच्या बॅटरीत नुसत्या सेलचं वजन एनएमसीत ८ ते १० किलो भरतं, एलएफपीत ११ ते १३. वर पेटीचं वजन वेगळंच. रोज जिना चढून ती कोण नेणार, हे घरात आधी ठरवा. आई-बाबा नेणार असतील तर हलकी घ्या. इथे एनएमसीच योग्य, आणि माझ्या मते तिच्या बाजूचं सर्वांत खरं कारण हेच आहे.

बाकी बहुतेकांना मी एलएफपी सुचवेन, आणि त्यामागे आपलं ऊन आहे. जाहिरातीत चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्यांचे आकडे असतात: एनएमसीच्या हजार ते दोन हजार, एलएफपीच्या तीन हजार आणि त्याहून जास्त. पण हिशोब करून बघा. एका चार्जमध्ये शंभर किलोमीटर जाणाऱ्या स्कूटरला हजार फेऱ्या म्हणजे एक लाख किलोमीटर. रोज ४० किलोमीटर चालवलीत तरी सात वर्षं होतात. फेऱ्या संपण्याआधी बहुतेक बॅटऱ्या उष्णतेने आणि वयाने थकतात. गाडी उभी असतानाही आतल्या नको त्या रासायनिक क्रिया चालूच असतात, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. अकोला, चंद्रपूर, जळगाव इथे मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे पारा जातो आणि गाडी ऑफिसबाहेर उघड्यावर तापत असते. ते एलएफपी जास्त सोसते.

आगीच्या बाबतीतही तिचंच पारडं जड आहे. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो. एनएमसी फार तापली तर तिच्यातून ऑक्सिजन सुटतो आणि आगीला आतूनच हवा मिळते. सेल आपोआप तापत जाऊन आटोक्याबाहेर जाण्याचं तापमान एनएमसीत साधारण २१० अंश, एलएफपीत २७० च्या आसपास. एलएफपी पेटतच नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तिच्यातूनही ज्वलनशील वायू निघतात. पण घराच्या दाराशी, झोपलेल्या माणसांपासून चार पावलांवर रात्रभर चार्जिंगला लावायच्या वस्तूत हे साठ अंश मला फार मोलाचे वाटतात.

एलएफपीचं रसायन काही कालचं नाही. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून ते जगासमोर आलं आणि त्या शोधनिबंधावर पहिलं नाव अक्षय पाधी या संशोधकाचं आहे. गुडइनफ यांना २०१९ मध्ये लिथियम-आयन बॅटरीच्या कामासाठी नोबेल मिळालं, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांच्यासोबत. पाधींचं नाव आपल्याकडे क्वचितच घेतलं जातं, याचं वाईट वाटतं. आज नेक्सॉन ईव्हीसारख्या आपल्या रस्त्यांवरच्या गाड्यांत हेच रसायन आहे.

दोघींना वापरण्याची रीत उलटी आहे. एनएमसी रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरा, लांब जायचं असेल तेव्हाच शंभर. एलएफपीचं व्होल्टेज मात्र बराच काळ जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे किती उरलंय याचा गाडीला नीट अंदाज येत नाही. तिला आठवड्यातून एकदा पूर्ण भरावं, म्हणजे मीटर ताळ्यावर राहतो. मीटर १५ टक्के दाखवतोय आणि गाडी हायवेवर बंद पडली, अशी तक्रार कुणी केली तर आधी विचारा की शंभर टक्के शेवटचं कधी केलं होतं. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नये, हे दोघींनाही लागू.

आता सोडियम. तिचं आकर्षण खरं आहे. मिठातला सोडियम कुठेही मिळतो, निकेल-कोबाल्टशिवाय ती बनवता येते, तांब्याच्या पत्र्याऐवजी स्वस्त ॲल्युमिनियम चालतं, आणि ऋण ध्रुवाचा कार्बन नारळाच्या करवंटीपासूनही करता येतो. जगातलं बहुतेक कोबाल्ट काँगोतून येतं, तिथल्या खाणींत लहान मुलंही राबतात. त्यापासून सुटका व्हावी असं मला मनापासून वाटतं. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये आयसर पुणे या विज्ञान संस्थेच्या साथीने विकसित केलेलं सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केलं. रिलायन्सने त्याआधीच ब्रिटनची फॅराडिऑन ही कंपनी घेतली होती. चीनमध्ये सोडियमवरच्या छोट्या गाड्या २०२४ च्या सुरुवातीपासून ग्राहकांच्या हातात आहेत.

तरीही गाडीसाठी थांबू नका. सोडियम वजनाला अजून एलएफपीच्या मागेच आहे, आणि तिचा मोठा गुण म्हणजे कडाक्याच्या थंडीतली कामगिरी. तो लडाखला उपयोगी, लातूरला नाही. थांबायचंच तर शेतघरावर किंवा दुकानावर सोलरची वीज साठवायची असलेल्यांनी थांबावं. तिथे बॅटरी एका जागी पडून राहते, वजनाचं काही अडत नाही. इन्व्हर्टर आताच बदलायची वेळ आली असेल, तर पाणी घालायच्या ट्युब्युलर बॅटरीपेक्षा एलएफपी घ्या. सुरुवातीला महाग पडते, पण टिकते जास्त.

सॉलिड-स्टेट, म्हणजे आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेल्या बॅटरीबद्दल एवढंच: टोयोटाने २०२७-२८ चं लक्ष्य सांगितलंय, तेही आधी महागड्या गाड्यांत येईल. आजच्या खरेदीशी त्याचा संबंध नाही.

वॉरंटी लेखी पाहा. कारच्या बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर हे सर्रास असतं. खरा प्रश्न असा की क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बदलून देणार. तो आकडा कागदावर नसेल तर मागून घ्या. सेकंड हँड स्कूटर घेताना तर आरसीवरचा उत्पादनाचा महिना आधी वाचा. इलेक्ट्रिक स्कूटरना २०२२ मध्ये लागलेल्या आगींनंतर बॅटरी सुरक्षेचे कडक नियम डिसेंबर २०२२ आणि मार्चअखेर २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्यामुळे एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर बनलेलीच गाडी घ्या, जुनी कितीही स्वस्त मिळत असली तरी.