कोकाचे पीक: वरून फवारणी की हातांनी उपटणी?

कोका या झुडपाच्या पानांपासून कोकेन हे अमली द्रव्य बनते. कोलंबियाने त्याचा पुरवठा शेतातच तोडण्यासाठी दोन मार्ग अवलंबले. पहिला ‘प्लॅन कोलंबिया’च्या, म्हणजे अमेरिकेच्या मदतीने राबवलेल्या अमली पदार्थविरोधी मोहिमेच्या काळातला: विमानातून ग्लायफोसेट या तणनाशकाची फवारणी. २००० मध्ये सुमारे १ लाख ६३ हजार हेक्टरवर असलेली लागवड २०१३ पर्यंत ४८ हजारांवर आली खरी. पण वाऱ्याबरोबर ते विष शेजारच्या मक्यावर आणि केळीवरही पडले, आणि सीमेपलीकडच्या इक्वेडोरने २००८ मध्ये थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. २०१५ मध्ये ही फवारणी थांबवण्यात आली.

दुसरा मार्ग सरकार आणि ‘फार्क’ बंडखोरांमधील २०१६ च्या शांतता करारातून आला: शेतकऱ्याने स्वतःच झुडपे उपटायची आणि सरकारने अनुदान व पर्यायी पीक द्यायचे. जवळपास एक लाख कुटुंबांनी नाव नोंदवले, मात्र पुढचे प्रकल्प रखडले. चिखलाच्या वाटेने अननस बाजारात पोचेपर्यंत सडतो; कोकाच्या पानांपासून केलेली पेस्ट मात्र पिशवीत मावते आणि तिचा खरेदीदार दारात येतो. २०२३ पर्यंत देशातील लागवड अडीच लाख हेक्टरवर गेली.

तरीही मला दुसराच मार्ग योग्य वाटतो. परदेशातील कोकेनच्या किमतीत पानांचा वाटा इतका नगण्य असतो की, फवारणीने पाने महागली तरी तस्कराचे फारसे बिघडत नाही. उपाशी राहते ते पाने खुडणाऱ्याचे घर. रस्ता आणि हमीभाव मिळाला, तरच त्या घराला दुसरे पीक परवडेल.