पुण्याची क्राफ्ट बिअर: टॅपवर प्यावी, ग्राउलर आणावा की कॅन शोधावा?

एखाद्या ब्रुअरीचं नाव वर्षानुवर्षं ऐकायचं आणि बिअर काही हाती लागायची नाही, अशी सोलापुरातल्या बऱ्याच शौकिनांची गत आहे. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी (स्वतःची बिअर बनवून तिथेच विकणारी छोटी ब्रुअरी), डूलाली, 2009 मध्ये पुण्यात सुरू झाली आणि पुढची बहुतेक गर्दी पुण्या-मुंबईतच झाली. पुणे आपल्यापासून रस्त्याने साधारण 250 किलोमीटर. तिथे जाऊन थेट टॅपवरून प्यायची, ग्राउलर (ब्रुअरीतून बिअर भरून न्यायची मोठी बाटली) भरून आणायचा की कॅन शोधायचा, हे ब्रुअरीच्या नावावरून ठरवू नका. कोणत्या प्रकारची बिअर चाखायची आहे त्यावरून ठरवा.

कारण आपलं ऊन. बिअरवाल्यांचा एक ठोकताळा आहे: बिअर 32 अंशांत 3 दिवसांत जेवढी शिळी होते, तेवढी 22 अंशांत 30 दिवसांत आणि 3 अंशांत 300 दिवसांत होते. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याहून कितीतरी तापते. आयपीए ही भरपूर हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांची, बिअर; तिचा हॉप्सचा वास सगळ्यात आधी जातो, मग ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. हेफेवायझनचा, म्हणजे गव्हाच्या जर्मन पद्धतीच्या बिअरचा, केळ्या-लवंगेचा वासही ताजेपणीच खुलतो. स्टाउट (भाजलेल्या धान्याची काळपट बिअर) आणि जास्त अल्कोहोलच्या गडद बिअरी त्या मानाने दम धरतात.

म्हणून आयपीए किंवा हेफेवायझनच चाखायची असेल तर सरळ पुणं गाठा. सकाळची हुतात्मा किंवा वंदे भारत पकडा आणि रात्री मुक्काम करा; पिऊन गाडी चालवायचा प्रश्नच ठेवू नका. बिअरसाठी वय 21 पूर्ण हवं. 2 ऑक्टोबरसारखा ड्राय डे नाही ना, तेही पाहून घ्या. आदल्या दिवशी फोन करून हवी ती बिअर टॅपवर आहे का विचारा, कारण छोट्या ब्रुअरीत पिंप संपलं की पुढची खेप तयार व्हायला दोन-तीन आठवडे सहज जातात. गेल्यावर पहिल्यांदा छोटे चाखायचे ग्लास मागवा आणि हलक्याकडून जडाकडे या: आधी गव्हाची, मग पेल एल (आयपीएहून सौम्य), मग आयपीए, शेवटी स्टाउट. उलट क्रमाने गेलात तर स्टाउटनंतर गव्हाची बिअर पाण्यासारखी लागते. तिखट चकणा मात्र सगळ्या बिअरी चाखून झाल्यावरच घ्या. कडवट आयपीएबरोबर तिखट अजून भडकतं. शेंगा चटणी आणि कडक भाकरी काढायचीच असेल तर ती गव्हाच्या बिअरबरोबर छान जमते.

ग्राउलर ही सगळ्यात मोहाची वाट आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. आधी ती ब्रुअरी ग्राउलर भरून देते का, हे विचारा. देत असेल तर भरतात कसा ते बघा. नळाला लांब नळी लावून तळापासून भरला तर फेस कमी होतो आणि हवा कमी शिरते. वरून ओतला तर गॅस तिथेच उडतो. झाकणाखाली दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडायला सांगा. बिअर तापली की आतला दाब वाढतो आणि काठोकाठ भरलेली काचेची बाटली तडकू शकते. आइसबॉक्समध्ये नुसते बर्फाचे खडे टाकू नका, त्यात थोडं पाणी घाला. खड्यांच्या फटीत हवा राहते, बर्फाचं पाणी मात्र बाटलीला सगळीकडून भिडतं. दोन लिटरच्या ग्राउलरला चार-पाच किलो बर्फ धरा. ग्राउलर उभाच ठेवा. भिगवणला माशांसाठी तासभर थांबणार असाल तर गाडी सावलीत लावा. घरी आल्यावर लगेच फ्रिजमध्ये, 24 ते 48 तासांत संपवायचा आणि एकदा उघडला की त्याच बैठकीत. तेव्हा दोन लिटर घ्यायच्या आधी बैठकीला माणसं किती आहेत ते मोजा. एकट्यासाठी ग्राउलर आणू नये, हे आमचं ठाम मत.

कॅनमध्ये प्रकाश शिरत नाही ही त्याची मोठी जमेची बाजू. पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीतली बिअर उजेडात राहिली की हॉप्समधल्या कडू घटकांचं रूपांतर होऊन उग्र, कुबट वास येतो. पण उष्णतेपुढे कॅनचंही काही चालत नाही. दुकानात बुडाशी छापलेली तारीख वाचा, फ्रिजमधलाच घ्या आणि उघड्या फळीवरचा आयपीए सोडून द्या. स्टाउटचा कॅन मात्र तीन महिने जुना असला तरी बिनधास्त घ्यावा. ग्लासात ओतल्यावर काचेला आतून बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास तेलकट आहे. तो पुन्हा नीट धुवा, नाहीतर फेस टिकणार नाही.

आणि ज्यांच्या मनात बेल्जियमची वेस्टव्लेटेरेन 12 ही गडद बिअर आहे त्यांच्यासाठी चौथी वाट, परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाची बॅग. एका प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते. 330 मिलिच्या सहा बाटल्या 1980 मिलि होतात, बरोबर बसतात. सिंट-सिक्स्टस मठातले साधू ती बनवतात आणि मुख्यतः आगाऊ नोंदणीवर मठातूनच विकतात. बाटली पिवळ्या बुचावरून ओळखायची. मठाबाहेर पुनर्विक्रीत भाव फार चढतो. त्या भावाने घेण्यापेक्षा बेल्जियममधल्याच वाटू गावची सेंट बर्नार्डस आब्ट 12 मागवा: 1946 ते 1992 याच ब्रुअरीकडे वेस्टव्लेटेरेनच्या नावाने बिअर बनवायचा परवाना होता. वेस्टव्लेटेरेनमध्ये अल्कोहोल 10.2 टक्के, आब्टमध्ये 10. दोन्ही उभ्या ठेवा, 12 ते 14 अंशांवर आणा, सावकाश एका दमात ओता आणि शेवटचा एक सेंटिमीटर यीस्टचा गाळ बाटलीतच राहू द्या.