स्टुटगार्ट की झिन्सहाइम?

जर्मनीत गाड्यांसाठी एकच दिवस हाताशी असेल, तर स्टुटगार्टचं मर्सिडीज-बेंझ संग्रहालय गाठावं की झिन्सहाइमचं टेक्निक म्युझियम? एका मित्राला हा प्रश्न पडलाय.

काय बघायला मिळतं, यातच खरा फरक आहे. स्टुटगार्टला लिफ्टनं थेट सर्वांत वर जायचं; तिथं सुरुवात 1886 पासून होते. मग गोल उतारावरून एकेक काळ ओलांडत खाली यायचं. मोटारीचा जन्म, युद्धं, शर्यती असं सगळं ओळीनं उलगडतं. पण कंपनी एकच.

झिन्सहाइमला अशी ओळ नाही, तिथं नुसती रेलचेल. 1970 मध्ये ताशी 1000 किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी ‘ब्लू फ्लेम’ ही रॉकेटगाडी इथंच आहे. आणि छतावर काँकॉर्ड नि रशियन टुपोलेव्ह 144 ही आवाजापेक्षा वेगानं उडणारी प्रवासी विमानं शेजारी शेजारी! ही जोडी जगात इतरत्र कुठंही दिसत नाही. दोन्हींच्या आत जाता येतं. त्या अरुंद केबिनमध्ये उभं राहण्यासाठी मी पुन्हा जाईन.

मात्र विमानं उड्डाणाच्या तिरक्या अवस्थेत बसवलेली आहेत. जिने चढावे लागतात आणि आतली जमीनही चढणीची. गुडघे दुखणाऱ्यांना स्टुटगार्टच सोयीचं.

पोहोचायला दोन्हीकडे लोकल रेल्वे आहे. स्टुटगार्टला सोमवारी सुट्टी, झिन्सहाइम वर्षभर रोज उघडं.

मोटारीचा इतिहास नीट समजून घ्यायचा असेल, तर स्टुटगार्ट. विमानांचं वेड असेल किंवा मुलं सोबत असतील, तर झिन्सहाइम.