लवंगीचे 11 महिने: खाण्यापेक्षा गोचीड महाग पडली

जुलैपर्यंत मला कुणी कुत्रं कुठलं पाळू असं विचारलं की मी बिनधास्त सांगायची, पॉम क्रॉस म्हणजे पॉमेरियन आणि गावठी यांचं मिश्र घ्या, खर्च काही नाही. ते मी आता मागे घेते. सप्टेंबरात पंधरा दिवस जे काढले, त्यानंतर हिशेबाची वही घेऊन बसले आणि मगच लिहायला घेतलं.

आमची कुत्री लवंगी आमच्याकडे डिसेंबरात आली, दीड महिन्याची. आई पॉमेरियन, बाप गल्लीतला. मागच्या गल्लीतल्या काकूंनी पैसे घेतले नाहीत. आता तिचं वजन सात किलो. सकाळी ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून, संध्याकाळी भात आणि कोंबडीच्या माना-काळीज उकडून, हळद घालून. कांदा-लसूण अजिबात नाही, तो कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. पाहुणे कुंदा, म्हणजे दुधाची मिठाई, भरवायला बघतात, त्यांनाही मी स्पष्ट नको म्हणते. पिशवीतलं तयार खाणं फक्त गावाला जाताना. महिन्याला 900 रुपयांत बसतं. नऊ रोगांच्या लशीचे तीन डोस 650 प्रमाणे, रेबीजची 300, जंताचं औषध मिळून 400. इथवर माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे गोचिडीची.

आमचं घर बेळगावच्या वडगावातलं जुनं. पुढं राहणं, मागं साडी विणायच्या मागाची खोली, भिंती दगडाच्या, वर कौलं. पाऊस ओसरला आणि लवंगी कान झाडायला लागली. कान उलटा करून बघितला तर आतल्या घडीत राखाडी, टम्म फुगलेली, तुरीच्या दाण्याएवढी गोचीड. शेजारी आणखी चार बारक्या, तपकिरी. त्या चिमट्यानं काढल्या. मग पावडर आणली, फवारा आणला, 550 चा पट्टा आणला. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं अंघोळ घातली. कुणी रॉकेल चोळा म्हणालं, ते मात्र केलं नाही. कातडी भाजते आणि चाटलं तर पोटात जातं. दर आठवड्याला गोचिडी पुन्हा हजर.

सप्टेंबरात तिनं खाणं सोडलं. अंग तापलेलं, हिरड्या पांढऱ्या पडलेल्या. तिसऱ्या दिवशी एका नाकपुडीतून रक्त आलं. रात्री साडेनऊला रिक्षा करून एका खाजगी दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं तर प्लेटलेट 38 हजार, किमान दीड-दोन लाख तरी हव्यात. गोचीडताप. उपचार बरोबर झाले, ते नाकारत नाही. पण चार दिवस सलाईन लावून 5,400 घेतले आणि कशाचे किती ते लिहून द्यायला तयार नाहीत. मी काउंटरवर तीन वेळा गेले. तीनही वेळा कन्नडमध्ये 'नाळे बर्री', म्हणजे उद्या या. अहो, पैसे आजच्या आज घेतलेत, मग कागद उद्या कशाला? मागावर साडी विणून आलेला पैसा आहे तो, कुठं गेला हे मला कळायला हवं. चौथ्या वेळी मी तिथंच बाकावर बसून राहिले, तेव्हा चिटोऱ्यावर लिहून मिळालं. त्यात पट्ट्याचे पैसेही लावले होते, जो आम्ही आमचाच घालून नेला होता. 550 परत घेतले. पुढची रक्ततपासणी आणि डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकच्या 28 दिवसांच्या गोळ्या धरून त्या आजाराचे एकूण 6,850 झाले. त्या गोळ्या रिकाम्या पोटी देऊ नका, उलटी होते. भाताच्या घासात द्या आणि वर पाणी पाजा.

नंतरच्या तपासणीला मी तिला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी अर्धं कन्नड, अर्धं मराठीत जे सांगितलं ते आधी कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणाल्या, वैनी, तुम्ही कुत्रं धुताय, पण अंडी भिंतीत आहेत. गोचीड रक्त पिऊन खाली पडते आणि फटीत जाऊन हजारांनी अंडी घालते. म्हणजे माझे पट्टा-पावडरीचे पैसे अर्धे पाण्यात गेले होते!

घरी येऊन यांनी मागाची खोली रिकामी केली. फटी चुना-सिमेंटनं लिंपल्या. अमित्राझ हे गोचीड मारायचं औषध बाटलीवर लिहिल्याप्रमाणे पाण्यात मिसळून भिंतीच्या कडेनं फवारलं, वाळेपर्यंत लवंगीला काकूंकडं ठेवलं. दहा दिवसांनी पुन्हा तेच, कारण राहिलेली अंडी मागाहून फुटतात. सोबत डॉक्टरांनी गोचिडीसाठी महिन्याला एक चघळायची गोळी सुरू केली. ती वजनावर मिळते, म्हणून आधी कुत्र्याला काट्यावर ठेवा. मी तिला कडेवर घेऊन वजन केलं आणि त्यातून माझं वजा केलं. मोठ्या कुत्र्याची गोळी आणून अर्धी करावी, असं माझ्या मनात आलं होतं. डॉक्टरबाई नको म्हणाल्या, औषध दोन्ही अर्ध्यांत सारखं उतरेल याची खात्री नसते.

गोळी 600 ची आहे हे कळलं तेव्हा जीवावर आलं होतं. आज म्हणते, पहिल्याच महिन्यापासून दिली असती तर 6,850 वाचले असते आणि तिचं ते पांढरं तोंड बघावं लागलं नसतं.

वहीत 11 महिन्यांचे 23,200 दिसतात. त्यात खाण्याचे 9,900. आजार, पट्टा, पावडर, फवारे, गोळ्या मिळून एकट्या गोचिडीपायी 10,650. नसबंदीचं ऑपरेशन अजून व्हायचंय, त्याचे पैसे वेगळे काढून ठेवतेय.

घेऊ का, असं विचाराल तर घ्या. रात्रपाळीला माग चालू असतो तेव्हा ती उंबऱ्यावर बसून असते, यांचं काम संपेपर्यंत जागची हलत नाही. पण पिल्लू आणायच्या आधी भिंतीच्या फटी बुजवा आणि गोळीचे 600 महिन्याच्या खर्चात धरा. केस लांब असतील तर पावसाळ्यापूर्वी पोटाखालचे आणि कानामागचे कापून घ्या, नाहीतर गोचीड दिसतच नाही.

परवा कौलाखालच्या वाशावर एक चढताना दिसली. चिमट्यानं उचलून साबणाच्या पाण्यात टाकली आणि बॅटरी घेऊन तो सगळा वासा तपासला. दुसरी सापडली नाही. पुढची गोळी 12 तारखेला आहे.