‘घाण बाहेर पडतेय’ म्हणाल्या, आणि अण्णांचं रक्त जात होतं

गेले ४०,०५० रुपये. दवाखान्याचं बिल ६१,७३० झालं, ते वेगळं. आकडे आधीच सांगते, कारण ‘असतील गेले थोडेफार’ म्हणणारे फार भेटले.

वस्तू म्हणजे गॅनोडर्मा. लाल मशरूमच्या कॅप्सूल आणि त्याचीच कॉफी. चेनवाल्यांची मीटिंग प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेली असते, त्यामुळे ‘तुमच्याखाली दोन, त्यांच्याखाली चार’ ते सगळं सांगत बसत नाही. मी कमाईसाठी गेलेच नव्हते. वडिलांसाठी गेले होते.

अण्णा ७१ वर्षांचे. साखर जुनी, त्यात अँजिओप्लास्टी होऊन आठ महिने झालेले, रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या रोज. सांगायला आलेल्या काकू परक्या नव्हत्या. आमच्याच गल्लीतल्या, निवृत्त शिक्षिका, माझ्या मुलीला दुसरीला होत्या. मी पतसंस्थेत कर्ज विभागात आहे, दिवसभर लोकांचे कागद तपासते. पण स्पेशालिस्टकडे तीन तास बसून तीन मिनिटं मिळतात, आणि या बाई अण्णांचा हात हातात घेऊन तासभर ऐकत बसल्या. आई गेल्यापासून अण्णांना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. तिथे माझं कागद तपासणं संपलं.

पुढच्या रविवारी मंगल कार्यालयात ‘मोफत तपासणी शिबिर’. हातात धातूची कांडी धरायची, तिची वायर लॅपटॉपला, आणि मिनिटभरात प्रिंटरमधून पानंच्या पानं. हृदय, यकृत, किडनी, हाडं, सगळ्याचे आकडे, लाल-हिरवे पट्टे. अण्णांच्या रिपोर्टमध्ये सातव्या पानावर लिहिलं होतं, पित्ताशयाचं काम मध्यम बिघडलेलं.

अण्णांचं पित्ताशय २०११ साली खड्यांमुळे काढून टाकलंय. पोटावर व्रण आहे.

मी ते वाचलं. मोठ्याने वाचलं. स्टेजवरचा टायवाला मुलगा म्हणाला, ‘मॅडम, अवयव काढला तरी त्याची ऊर्जा शरीरात राहते, मशीन तीच पकडतं. म्हणून तर हे डॉक्टरांच्या मशीनपेक्षा पुढचं आहे.’ लोकांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसले. त्या क्षणी अण्णांना हाताला धरून उठवायचं होतं मला. सातवं पान अजून माझ्या फाइलमध्ये आहे, आणि ते समोर आलं की आजही कानशिलं तापतात. ज्या मशीनला नसलेला अवयव दिसतो, त्याच्या शब्दावर मी बापाच्या तोंडात कॅप्सूल घातल्या.

नोंदणीचे ६५० भरले. दर महिन्याला दोन बाटल्या, १,४८० ची एक, शिवाय कॉफीचा डबा ८९० चा. महिन्याचे ३,८५०, चार महिन्यांचे १५,४००. तिसऱ्या महिन्यात काकू म्हणाल्या, ‘अगं, एकदाच २४,००० चा माल उचल, मग अण्णांचं औषध तुला जवळपास फुकटच पडेल.’ सोनं ठेवून उचलला.

‘नैसर्गिक आहे, नुकसान तर काही नाही ना’ असं मी मला सांगत होते. हेच वाक्य तुमच्या डोक्यात आलं तर तिथेच थांबा. नैसर्गिक गोष्टही रक्त पातळ करू शकते. हे मशरूम चीनमध्ये खरंच जुनं आहे. तिकडे त्याला लिंगझी म्हणतात, ‘शेननोंग बेनत्साओ जिंग’ या त्यांच्या प्राचीन औषधी ग्रंथात त्याला वरच्या वर्गात ठेवलंय. लाकडासारखं कडक आणि कडू, भाजी करून खायचं नव्हेच, उकळून काढा घेतात. पण जुनं म्हणजे साखर उतरवतं असं नाही. कॉक्रेन ही औषधांच्या चाचण्यांचे आढावे घेणारी संस्था. तिच्या तज्ज्ञांनी २०१५ साली पाच चाचण्या एकत्र तपासल्या, ३९८ माणसं, आणि साखर उतरते याला आधार मिळाला नाही. त्यांचाच कॅन्सरवरचा आढावा २०१६ चा, ३७३ रुग्ण. पहिला उपचार म्हणून वापरावं इतका पुरावा नाही, फार तर केमोच्या जोडीला विचार करता येईल, एवढंच. पावडर घेणाऱ्यांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातच लावायचा नाही. हे सगळं मी नंतर वाचलं. आधी वाचायला अर्धा तास पुरला असता.

काकूंनी साखरेच्या गोळ्या अर्ध्यावर आणायला लावल्या. कोणी चालू गोळी कमी करायला सांगितली की तो माणूस सख्खा भाऊ असला तरी दारातून परत पाठवा.

चौथ्या महिन्यात अण्णांना धाप लागायला लागली. एका पहाटे मला हाक मारून म्हणाले, ‘बाळ, शौचाला डांबरासारखं काळं होतंय गं.’ मी काकूंना फोन लावला. डॉक्टरांना नाही, काकूंना. त्या म्हणाल्या, ‘छान! घाण बाहेर पडतेय. वर्षानुवर्षांची विषं आहेत ती. डोस दुप्पट कर.’

मी केला दुप्पट. दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी अण्णा बाथरूममध्ये कोसळले. हिमोग्लोबिन ७.२. दुर्बीण घातली, जठरातून रक्त जात होतं. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. साखरेची तीन महिन्यांची सरासरी ८.१ होती ती ८.९ झालेली. डॉक्टर सरळ बोलले: त्या दोन गोळ्यांनीच असा रक्तस्राव होऊ शकतो, फक्त कॅप्सूलमुळे झाला असं मी लिहून देणार नाही, पण ही भर घालायला नको होती, आणि काळा शौच दिसल्यावर तासाभरात यायला हवं होतं. काळा, चिकट शौच म्हणजे आतून रक्त. पाठ करून ठेवा.

मग माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. पोलीस ठाण्यात म्हणाले, ‘ताई, तुम्ही स्वतःच्या मर्जीने घेतलंय, हा व्यवहाराचा मामला.’ सरकारी कार्यालयात गेले तर औषधाच्या टेबलवरचे म्हणाले, ‘हे औषध नाही, अन्न आहे, पलीकडे जा.’ अन्नाच्या टेबलवरच्यांनी बाटली फिरवून दाखवली. बारीक इंग्रजी अक्षरांत छापलंय, औषधी वापरासाठी नाही. ‘बाटलीवर कुठे दावा केलाय? तोंडी बोलण्याला पुरावा काय?’ साहेब रजेवर, साहेब मीटिंगला, साहेबांची बदली. पाच चकरा, पाच अर्ध्या रजा. १९५४ च्या जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात जाहिरातीच्या व्याख्येतच तोंडी घोषणाही येते. हे मी त्यांना सांगायचं? त्यांच्या मागच्या भिंतीवर जनजागृतीचं पोस्टर होतं, त्याखाली बसून ते मला पुरावा विचारत होते.

कंपनीने तर कमाल केली. पैसे परत मागितले तर उत्तर आलं, ‘आमच्या नोंदीनुसार आपण ग्राहक नसून स्वतंत्र विक्रेत्या आहात.’ ते ६५० रुपये यासाठी होते. सगळी बिलं माझ्याच आयडीवर. म्हणून सांगते, ‘सवलतीसाठी फक्त नाव नोंदवा’ म्हटलं की सही करू नका. २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांप्रमाणे विक्रेत्याने विकलेल्या मालाच्या तक्रारीला कंपनीच जबाबदार आहे, आणि ओळखपत्र व आधी ठरवलेली वेळ यांशिवाय त्यांनी दारात यायचंही नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तक्रारीचा नंबर घ्या. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. फोनवरचे दावे व्हॉट्सअॅपवर लेखी मागून घ्या. मी घेतले नाहीत, आता माझ्याकडे काकूंचा एक शब्दही कागदावर नाही. आयोगात अर्ज केलाय. माळ्यावरचा उरलेला माल सीलबंद ठेवलाय.

गेल्या रविवारी काकू समोरच्या वहिनींकडे बसलेल्या दिसल्या. वहिनींच्या यजमानांचं डायलिसिस चालू आहे. त्या गेल्यावर मी अण्णांचं डिस्चार्ज कार्ड घेऊन धावतच गेले, सगळं सांगितलं, हिमोग्लोबिनच्या आकड्यावर बोट ठेवून दाखवलं. वहिनींनी कार्ड वाचून परत दिलं.

‘काकू म्हणत होत्या,’ त्या हळूच म्हणाल्या, ‘तुमच्या अण्णांनी कोर्स अर्धवट सोडला म्हणून तसं झालं.’

ओट्यावर दोन बाटल्या होत्या. एकीचं सील फुटलेलं होतं.